चान्यांचा अर्थ खारी: एका महाविद्यालयातल्या शब्दकोशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी असलेलं हे महाविद्यालय. एम. ए. मराठीला ‘दलित साहित्य’ हा पेपर. नेमलेली पुस्तकं अधूनमधून बदलत, पण प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ (1979), शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (1984), बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (1986) आणि उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (2003) यांतलं काही ना काही असायचंच. वर्गातली मुलं आसपासच्या खेड्यांतली. कोणी बौद्ध, कोणी मातंग, बरीचशी मराठा, धनगर, वंजारी घरांतली. म्हणजे पुस्तकातलं गाव त्यांना परकं नव्हतं. निदान शिकवणाऱ्यांची तरी तशी समजूत होती.

ती समजूत एका सत्राच्या उत्तरपत्रिकांत मोडली. आत्मकथनांतल्या भुकेच्या चित्रणावर प्रश्न होता. कितीतरी मुलांनी लिहिलं की ही माणसं पावसाळ्यासाठी खारी वाळवून ठेवत. खारी म्हणजे झाडावरच्या. चौकशी केली तेव्हा बाजारातलं एक गाईड निघालं. त्यात ‘चान्या’ या शब्दापुढं ‘खारी’ असं छापलेलं होतं. गंमत अशी की गाईड लिहिणाऱ्यानं हा अर्थ मनानं ठोकून दिलेला नव्हता. कोकणात चानी म्हणजे खारच. त्याला कुठल्यातरी कोशात तो अर्थ सापडला आणि त्यानं इमानदारीनं उतरवून घेतला. मराठवाड्यात चान्या म्हणजे मेलेल्या जनावराचं मांस लांब पट्ट्या कापून, उन्हात कडक वाळवून, घरात काही नसेल त्या दिवसांसाठी ठेवलेलं. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचं हे सगळं जेवण नोंदलेलं आहे. पण एका पेपरच्या तयारीसाठी तेवढं कोण वाचणार?

ज्या मॅडम हा पेपर शिकवत त्या स्वतः बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्या आजीनं चान्या खाल्लेल्या होत्या. उत्तरपत्रिका तपासताना गुण किती कापायचे हेच त्यांना कळेना. मुलांनी कोशातला अर्थ लिहिला होता. चुकला होता तो कोश.

अडचण नेमकी कुठं होती

विभागात बैठक झाली तेव्हा सगळ्यांचा पहिला अंदाज असा, की अवघड शब्दांची यादी करून दिली की झालं. ही मागणी जुनीच आहे. 1972 साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेले शब्द मोकळेपणानं नोंदवले होते. या आत्मकथनांपैकी काहींच्या इंग्रजी अनुवादांच्या मागं शब्दसूची जोडलेली असते, मूळ मराठी पुस्तकाच्या वाचकाला मात्र ‘तुझीच भाषा आहे, कळेल तुला’ म्हणून सोडून दिलेलं असतं. यात एक बारीकसा अहंकार आहे असं मला वाटतं. मराठी म्हणजे एकच घर, आणि त्यातल्या सगळ्या खोल्या आपण पाहिलेल्या आहेत, असा.

मुलांना न कळलेल्या शब्दांवर खूण करायला सांगितलं, तेव्हा मात्र वेगळंच दिसलं. खुणा ‘येसकर’, ‘तराळ’ (दोन्ही गावाची कामं करणारे महार), ‘वजडी’ (जनावराची आतडी-पोट), ‘हाडकी’ (महारांची वतनी जमीन) अशा शब्दांवर होत्या, आणि ते ठीकच होतं. शब्द अडला की मुलगा विचारतो. खरा घोटाळा खुणा न केलेल्या शब्दांत होता. ‘गाव’ या शब्दावर कोण खूण करील? पण या पुस्तकांत ‘मी गावात गेलो’ म्हणजे महारवाड्यातून निघून सवर्णांच्या वस्तीत गेलो. वाडा गावात मोजलेलाच नाही. ‘राजवाडा’ म्हटलं की मुलांसमोर राजाचा महाल, आणि कित्येक गावांत महारवाड्यालाच राजवाडा म्हणत. ‘पाळी’ या शब्दावर तर मुली गोंधळून गेल्या होत्या. येसकराची पाळी म्हणजे गावकीच्या, म्हणजे गावासाठी करायच्या कामाची आळीपाळी, हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. ‘भाकरी मागणं’ म्हणजे भीक, असं वर्गानं गृहीत धरलं. लिहिणाऱ्याच्या मनात ती कामाबद्दलची हक्काची भाकरी होती आणि त्याच वेळी मान खाली घालायला लावणारीही. हे दोन्ही एका वाक्यात आहे हे समजल्याशिवाय तो उतारा कळतच नाही.

म्हणून मागणी बदलली. कठीण शब्दांचे अर्थ मुलं कुठूनही मिळवतील. ओळखीचे वाटणारे शब्द इथं कोणाच्या तोंडी काय होतात, हे सांगणारं काहीतरी हवं होतं.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे दहा-बारा पानांची झेरॉक्स प्रत, परीक्षेपुरती. एका सरांचा आग्रह याच्यासाठी होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. मुलांची गरज जूनपासून मार्चपर्यंतची, आणि विभागाकडं पैसा नव्हता.

दुसरा पर्याय पुस्तकागणिक शब्दसूची. वाचणाऱ्याला सोयीची, पण ‘येसकर’ चार पुस्तकांत चार वेळा येणार आणि चारही अर्थांची एकमेकांशी गाठ पडणार नाही.

तिसरा पर्याय मॅडमना सुरुवातीला सगळ्यात जास्त आवडलेला: सरळ ‘दलित बोलीचा कोश’. नाव दणदणीत, अनुदानाच्या अर्जातही शोभणारं. यावर दोन महिने नुसती चर्चा झाली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी चर्चा तीच.

अडलं ते ‘बोली’ या शब्दावर. लिंबाळ्यांच्या लेखनामागं अक्कलकोटचा कन्नडलगतचा मुलूख आहे, उर्मिला पवारांच्या मागं रत्नागिरी, बेबी कांबळे यांच्यामागं पुरंदर आणि फलटण. या तिघांची बोली एक म्हणायची ती कशाच्या जोरावर? उलट ‘व्हता’, ‘न्हाई’, ‘पानी’ ही रूपं मराठवाड्यातल्या मराठा शेतकऱ्याच्या तोंडीही तशीच आहेत. वर्गातल्या एका धनगर मुलानं हे स्पष्टच विचारलं: “सर, माझी आज्जी पण असंच बोलती, मग ती दलित बोली बोलती का?” भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीत महाडच्या कुणबीवर, ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र पुस्तकं आहेत. समाजाच्या नावानं बोली नोंदवायची रीत आहे, पण प्रत्येक वेळी तिथं मुलूखही सांगितलेला आहे. मुलूख गाळून नुसती जात ठेवली, तर साऱ्या खेड्याची भाषा एका वाड्याच्या नावावर चढते आणि मग तिला ‘अशुद्ध’ म्हणणं आणखी सोपं होतं.

चौथा पर्यायही होता: काहीच करायचं नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्याकडून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण तेव्हा चालूच होतं, म्हणून मोठ्या संस्थांचं काम त्यांच्यावर सोडावं. पण तिथला भर बोलण्याच्या नमुन्यांवर, ध्वनिमुद्रणावर. छापील आत्मकथनात अडलेल्या वाचकाला त्याचा थेट उपयोग नव्हता.

काय ठरलं

नाव ठरलं ‘दलित आत्मकथनांतील शब्दांचा कोश’. बोलीचा दावा गेला. फक्त छापील पुस्तकात आलेला शब्द घ्यायचा. नोंदीत तो ज्या वाक्यात आला ते छोटं वाक्य, लेखकाचा मुलूख (हा रकाना मागाहून आला), शब्द कोणत्या कामाचा वा व्यवहाराचा, आणि तो कोण कोणाला म्हणतं, हे चार रकाने. ‘व्हता’, ‘माजं’ अशी रूपं नोंदीत न घेता पुस्तकाच्या शेवटी उच्चारांचा एक तक्ता द्यायचा, आणि त्यात ‘शुद्ध’-‘अशुद्ध’ हे शब्द वापरायचे नाहीत. भटक्या कैकाडी समाजाची भाषा द्रविड कुळातली, वेगळीच, म्हणून भटक्या जमातींची आत्मकथनं आणि त्यांच्या आपसातल्या गुप्त भाषा बाहेर ठेवल्या. मुंबईच्या वस्त्यांतली भाषाही बाहेर. या दोन्ही गोष्टींवर टीका झाली, पण मला तरी त्या वगळणं योग्य वाटतं. अर्धवट माहितीवर नोंद केली तर पुन्हा गाईडचीच गत.

कामाला होते: मॅडम, झेरॉक्सवाले सर, एम. ए. ची काही मुलं (ही बदलत राहिली) आणि मातंग समाजातले एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. गुरुजींचा सहभाग आधी सल्ल्यापुरता होता. पुढं त्यांच्याशिवाय पान हलेना. दोरकामाचे शब्द त्यांच्या हाताचे होते. केकताडाची (घायपाताची) पानं पाण्यात कुजवून, ठेचून वाख (तंतू) कसा काढतात, त्याला पीळ देऊन चऱ्हाट, कासरा, दावं, मुसकं, शिंकं कसं होतं, मोटेच्या नाड्याला किती जाड दोर लागतो, हे त्यांनी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेलं. मोट गेली, नायलॉन आलं, आणि त्यासोबत शब्दांचं एक अख्खं शेत पडीक झालं. मुलांना ‘कासरा’ माहीत होता. ‘वाख’ एकालाही नाही.

व्याख्या कोणाच्या नजरेतून

‘येसकर’ची पहिली नोंद झेरॉक्सवाल्या सरांनी लिहिली ती अशी: ‘गावातील हलकी कामे करणारा महार.’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या कोशांची घडणच अशी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला (1831, सुधारलेली आवृत्ती 1857) शब्द पुरवणारे, अर्थ लावणारे प्रामुख्यानं ब्राह्मण शास्त्री होते. पुढचे कोश त्याच पायावर उभे राहिले. ‘हलकी’ हे विशेषण कोण कोणाच्या कामाला लावतं, असं गुरुजींनी विचारलं, आणि नोंद परत गेली. तिसऱ्या फेरीनंतर ती अशी झाली:

‘येसकर (पु.) – गावकीच्या कामासाठी पाळीनं बांधलेला महार पुरुष. वेशीची राखण, दवंडी, मयताचा सांगावा परगावी पोचवणं, आलेल्या सरकारी माणसाच्या दिमतीला राहणं ही कामं. मोबदला: पाळीच्या दिवसांत घरोघरची भाकरी. हातातली काठी ही कामाची खूण. गावाच्या तोंडी: मान. वाड्याच्या तोंडी: पाळी, राबणूक. पाहा: काठी, गावकी, पाळी, भाकरी.’

यातलं ‘गावाच्या तोंडी: मान’ कसं आलं तेही सांगायला हवं. एका मराठा विद्यार्थ्याची आजी येसकराबद्दल नेहमी ‘त्यांचा मान होता’ असं म्हणायची. त्यानं ते भीत भीत वर्गात सांगितलं. ते खोडून काढावं असं काहींना वाटलं. मॅडमनी ते नोंदीत घेतलं, पण कोणाच्या तोंडचं आहे ते लिहून. पूर्ण कोशात ही एक सोय सगळ्यात कामाची ठरली. एकच शब्द, दोन तोंडं.

त्याच नोंदीत पहिल्यांदा ‘1958 च्या कायद्याने वतन रद्द’ असं एक वाक्य होतं. ते गुरुजींनी थांबवलं. मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, 1958 जुन्या मुंबई राज्याच्या मुलखापुरता. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आणि तिथं इनामांचा कायदा वेगळा, 1954 चा. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुस्तकावरून लिहिलेली टीप मराठवाड्याच्या पुस्तकाला डकवली असती, तर चान्यांसारखीच आणखी एक खार झाडावर चढली असती.

सोडलेले शब्द

मसुद्यातले खाण्यापिण्याचे शब्द तपासून घ्यायला मुली एका बुद्धविहारात गेल्या. तिथल्या वयस्कर बायकांनी ‘डल्ल्या’, ‘रक्ती’ हे शब्द हसत हसत सांगितले. ‘पड’ हा शब्द निघाला आणि एक आजी उठून उभी राहिली. पड म्हणजे मेलेलं जनावर, त्याची वाटणी. आजी म्हणाली, “आमी ते सोडलं. बाबासाहेबानं सांगितलं म्हून सोडलं. आता तुमी ते लिहून ठेवायलेत, म्हंजी लेकराईनं पुन्हा तेच वाचायचं का?”

मुलींकडं उत्तर नव्हतं. विभागाकडंही नव्हतं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचं मांस सोडण्याचा निर्धार झाला, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धर्मांतर झालं. या दोन्हींतून काही शब्द माणसांनी आपल्या इच्छेनं, ठरवून टाकून दिले. मोटेसोबत गेलेला शब्द आणि ठरवून टाकलेला शब्द यांत फरक आहे. कोशकाराला मात्र दोन्ही सारखेच ‘अप्रचलित’ दिसतात.

तीन मतं पडली. गुरुजी म्हणाले, शब्द पुस्तकात लेखकानं छापला आहे, आपण गाळला तर लेखकाचं तोंड बंद केल्यासारखं होईल. काही विद्यार्थ्यांनी म्हटलं, आजीचा मान राखून असे शब्द वगळा. त्याच विहारातल्या दुसऱ्या एका बाईनं पुढच्या भेटीत वेगळंच सांगितलं: “वाचू दे की. आमी काय खाऊन तुमाला शिकिवलं ते कळू दे.”

शेवटी पाचवा रकाना आला: शब्दाची आजची स्थिती. ‘चालू’, ‘जुन्या पिढीत’, ‘कामासोबत गेलेला’ आणि ‘सोडलेला’. ‘सोडलेला’ या खुणेचे शब्द घेतले ते फक्त छापील आधारावर. विहारातल्या बायकांकडून मिळालेली त्याबद्दलची माहिती वापरली नाही आणि त्यांची नावं कुठंही दिली नाहीत. हा तोडगा सगळ्यांना पटला असं नाही. आजीला तो जाऊन सांगितला का, याची नोंद कामाच्या कागदांत सापडत नाही.

शिव्या, जातिवाचक शब्द आणि प्राचार्यांची भीती

मसुदा कार्यालयात गेला तेव्हा प्राचार्यांनी दोन पानांवर लाल रेघा मारल्या. त्यांना 1989 च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धास्ती: महाविद्यालयाच्या नावानं जातिवाचक शिवी छापली आणि उद्या कोणी तक्रार केली तर? भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, पण ती चुकीच्या जागी होती. या शिव्या पुस्तकात आहेत त्या लेखकानं सोसलेल्या म्हणून. त्या काढल्या तर सोसणंच नाहीसं होतं. स्थानिक वकिलाचा सल्ला घेऊन असं ठरलं, की अपमानकारक शब्द नोंदीचा शब्द म्हणून ठेवायचा, पण व्याख्येत कोशाच्या आवाजात तो पुन्हा वापरायचा नाही, आणि कोण कोणाला म्हणतं हा रकाना तिथं कधीही मोकळा सोडायचा नाही.

‘अक्करमाशी’ची नोंद मात्र सहज झाली. बारा माशांचा (मासा हे सोनाराचं वजन) तोळा, त्यात एक मासा कमी तो अकरमाशी, खोट असलेला, म्हणून अनौरस. सोनाराच्या तराजूतून आलेली शिवी एका लेखकानं आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून उचलली, एवढं लिहिलं की पुरे.

निष्पत्ती

हजाराच्या आत नोंदींचं, साध्या बांधणीचं पुस्तक निघालं. छपाईला उशीर झाला त्याचं कारण ऐकून कोणी हसेल. डीटीपीवाल्यानं मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फाँटमध्ये टंकला होता. त्यात शब्द अकारविल्हे लागेनात, शोधता येईनात, ‘चऱ्हाट’मधला र तर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी जाऊन बसे. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा वाचावा लागला, आणि हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन मुलींनी फुकट केलं.

उत्तरपत्रिकांत खारी आल्या नाहीत. ‘गाव’ या शब्दावर मुलं आपणहून लिहू लागली. बाजारातल्या गाईडात तो अर्थ अजून तसाच आहे. ग्रंथालयात प्रती पोचल्या त्या ‘दलित साहित्य’च्या कपाटात लागल्या. संदर्भग्रंथांच्या फळीवर, दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’शेजारी लावाव्यात, असं विभागाचं पत्र गेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पुस्तकांपासून सुरुवात केल्यामुळं बायकांचे शब्द उशिरा आणि तुटकतुटक आले. आत्मकथनांत पुरुषांच्या गावकीला पानंच्या पानं आहेत, बाळंतपणाला, चुलीला, देवदेवस्कीला त्या मानानं थोडी. ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ आधी घेतली असती तर रकान्यांची मांडणीच कदाचित वेगळी झाली असती. ‘आयदान’ हा शब्दच पाहा: कोकणात बांबूची सुपं-टोपल्या, इतरत्र भांडं, हत्यार, दागिना. मुलखाचा रकाना या एका शब्दावर पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. तो सुचला मसुदा अर्धा झाल्यावर, आणि मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागल्या.

विहारातली भेट मसुदा झाल्यानंतर न ठेवता आधी ठेवायला हवी होती. तयार कागद समोर ठेवून ‘हे बरोबर आहे का’ विचारलं, की माणूस एकतर मान डोलावतो नाहीतर उठून जातो. तिथं दोन्ही झालं.

आणि पैशाची गोष्ट. वकिलाला फी मिळाली, डीटीपीवाल्याला मिळाली. गुरुजींना शाल-श्रीफळ मिळालं. विहारातल्या बायकांना, युनिकोड करणाऱ्या मुलींना काही नाही. मोबदल्यावाचून घेतलेल्या कामाबद्दलच्या शब्दांचा हा कोश, हे लक्षात घेता दुसऱ्या आवृत्तीच्या अंदाजपत्रकात माहिती देणाऱ्यांचं मानधन ही पहिली ओळ आहे. तो कागद सध्या मंजुरीसाठी कार्यालयात आहे.